डाव्या बाजूचं माप

आईच्या दुकानातली मापाची वही उघडली की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाखाली आकड्यांची उतरंड दिसते : उंची १४, छाती ३६, कंबर ३१, मुंढा १६, मग बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा. काही पानांच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते, 'डा. जास्त' किंवा 'उ. सैल'. दहावीच्या सुट्टीत काज-बटणं करायला दुकानात बसू लागले तेव्हा मी तिला त्या खुणेबद्दल विचारलं होतं. म्हणाली, "कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात. बायका सांगत नाहीत, पण टेप लावला की कळतं. खूण करायची आणि गप्प बसायचं."

कराडात छत्तीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या या बाईला गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर स्वतःच्या डाव्या काखेजवळ गाठ लागली. लागली तीही मुंढा का काचतोय म्हणून बघताना. पुढचं चक्र ओळखीचंच आहे : मॅमोग्राफी, सुई घालून तपासणी, पुण्याची वारी. भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच, स्तनाचा. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना त्याचं निदान झालं. आईचं वय बासष्ट. बाबा जाऊन नऊ वर्षं झालीत.

पुण्यातल्या सर्जनांनी समजावून सांगितलं, की गाठी दोन आहेत आणि एकमेकींपासून लांब आहेत. नुसत्या गाठी काढून भागणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल. मग फाइल मिटता मिटता त्यांनी विचारलं, "रिकन्स्ट्रक्शनचं काय? म्हणजे नवीन बनवून हवाय का?" विचारलं आईबद्दल, बघितलं माझ्याकडे. आणि मी पटकन म्हणाले, "नको नको, बासष्ट वर्षांची आहे ती."

एसटी खंबाटकीचा घाट चढत होती तोवर आई काही बोलली नाही. वळणावर गाडी रेंगाळली तेव्हा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "माझं उत्तर तू का दिलंस?"

हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो. पुढचं दीड वर्ष मी वाचत होते, डॉक्टरांना भेटत होते, या वाटेनं गेलेल्या बायकांशी बोलत होते. आईला निर्णय घ्यायला मदत करतेय, अशी माझी समजूत होती.

मी लॅपटॉपवर तक्ता केला. पर्याय, फायदे, धोके, खर्च. आईनं तो एकदा पाहिला आणि म्हणाली, "यात कापड कुठलं वापरणार ते कुठं लिहिलंयस?" प्रश्न अडाणी नव्हता. सगळा विषय त्या एका प्रश्नावरच दुभंगतो : बाहेरचं कापड, की स्वतःचंच?

बाहेरचं म्हणजे सिलिकॉनचं इम्प्लांट. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोन सर्जनांनी टिमी जीन लिंडसे नावाच्या बाईंच्या शरीरात पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं. गंमत अशी की ती बाई इम्प्लांट मागायला गेलीच नव्हती. छातीवरचं गोंदण काढून घ्यायला गेली होती. तिथून तीस वर्षांत हे उपकरण इतकं पसरलं आणि त्याविषयी इतक्या तक्रारी आल्या, की १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी मात्र, अभ्यासाच्या अटीवर, वाट उघडी ठेवली. २००६ मध्ये परवानगी परत मिळाली. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून मागे घेतली गेली, कारण त्यांच्याभोवतीच्या आवरणात एक दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा आढळत होता. आज बहुतेक ठिकाणी गुळगुळीत इम्प्लांट वापरतात. हा इतिहास मी आईला सांगितला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "किती वर्षं टिकतं?"

जन्मभर टिकेल असं कुणीच म्हणत नाही. काहींचं वीस वर्षं राहतं, काहींचं आठ-दहा वर्षांत बदलावं लागतं. आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेतली शिफारस अशी, की पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. कराडच्या बाईनं सत्तरी ओलांडल्यावर एवढ्यासाठी चकरा मारायच्या, हे माझ्या तक्त्यात 'धोके' या रकान्यात बसत नव्हतं. मी 'दगदग' नावाचा नवा रकाना केला.

बऱ्याचदा इम्प्लांट थेट बसत नाही. आधी त्वचेखाली एक रिकामी पिशवी ठेवतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी सुईनं तीत सलाइन भरत जातात. त्वचा हळूहळू ताणली गेली की पिशवी काढून इम्प्लांट घालायचं, म्हणजे दुसरं ऑपरेशन. "कापड कमी पडलं की ताणून बसवतात तसं," आई म्हणाली. "ते धुतल्यावर आकसतं."

तिच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरणार होतं. ऑपरेशननंतर काखेतल्या गाठींमध्येही आजार निघाला. त्यामुळे केमोनंतर रेडिएशन ठरलं, आमच्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात ते. शेक घेतलेली त्वचा कडक होते, तिची लवचीकता जाते, आणि तिथं इम्प्लांट असेल तर त्याभोवतीचं आवरण आवळत जाऊन तो भाग घट्ट, वेडावाकडा, कधी दुखरा होण्याची शक्यता बरीच वाढते. अशा वेळी सर्जन सहसा सांगतात, की शेक संपू दे, सहा महिने ते वर्षभर जाऊ दे, मग स्वतःच्याच शरीरातला भाग घेऊन करू. म्हणजे पुण्यात मी दिलेल्या 'नको'नं काही अडलं नव्हतं. तेव्हाच 'हो' म्हटलं असतं तरी बहुधा थांबावंच लागलं असतं. हे कळल्यावर मला हायसं वाटलं. आईला मी ते दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ती मशीनवरून उठली नाही.

स्वतःच्या शरीरातला तुकडा वापरायची कल्पना आपल्याकडे परकी नाही, आणि तिचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी गाडीवानाची हकिकत छापून आली. कावसजी त्याचं नाव. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि नाक गमावून बसला. वर्षभरानं पुण्यात विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका वैद्यानं त्याला नाक करून दिलं. आधी नाकाच्या जागी मेणाचा पातळ आकार बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवून घेतली. भुवयांमधला एक चिंचोळा पट्टा मात्र न कापता ठेवला, रक्त चालू राहावं म्हणून. इंग्रज डॉक्टरांनी हे पाहून लिहून ठेवलं, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनला तसंच करून पाहिलं. आईला यात एकाच गोष्टीचं कौतुक वाटलं : "फर्मा आधी काढला, मग कात्री लावली. शहाणा माणूस."

स्तनाच्या बाबतीत हे सुचायला आणखी शंभर वर्षं गेली. १८९५ मध्ये हायडेलबर्गला व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी एका गायिकेच्या कमरेच्या बाजूची चरबीची गाठ काढून तिच्या छातीत बसवली. इटलीत इजिनिओ तानसिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा पसरट स्नायू त्वचेसकट पुढे फिरवून आणायची रीत सांगितली. पुढे सगळे ती विसरले, आणि १९७०च्या दशकात ती नव्यानं हाती लागली. विसरण्यामागे बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांचं मोठं वजन होतं. स्तनाबरोबर छातीचे स्नायूही खरवडून काढायची त्यांची शस्त्रक्रिया जवळजवळ पाऊण शतक जगभर प्रमाण मानली गेली, आणि जखम सुबक झाकायच्या नादी लागू नका, असं त्यांचं मत होतं. इतकं कापायची गरज बऱ्याच जणींना नव्हती, हे पुढे मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी दाखवलं. दोघांचेही वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज दोन मुख्य रस्ते आहेत. एक तानसिनींचाच, पाठीचा स्नायू. तो भरवशाचा आहे, पण खांद्याची थोडी ताकद घेतो, आणि बरेचदा आकार पुरा करायला खाली छोटं इम्प्लांट लागतंच. दुसरा पोटाचा. अटलांटाच्या कार्ल हार्ट्राम्फ यांनी १९८२ मध्ये ओटीपोटाची त्वचा-चरबी, स्नायूसकट, वर आणायची पद्धत मांडली. स्नायू गेल्यानं पोट कमजोर व्हायचं, हर्निया व्हायचा. मग १९९०च्या दशकात स्नायू जागेवर ठेवून त्याच्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घ्यायची कला रुळली. तिला डीप फ्लॅप म्हणतात. इथं तुकडा पूर्ण सुटा करतात आणि छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वाहिनी दोन-तीन मिलिमीटरची, ऑपरेशन सहा ते आठ तासांचं. पहिल्या रात्री नर्स तासातासाला येऊन रंग बघते, हात लावून ऊब बघते, छोट्या यंत्रानं रक्ताचा आवाज ऐकते. रक्त अडलं तर पुन्हा तातडीनं ऑपरेशन थिएटर. क्वचित सगळा तुकडा मरतोही.

या श्रावणात आम्ही प्लास्टिक सर्जनना भेटलो. त्यांनी ती जोडणी समजावली तेव्हा आईनं विचारलं, "दोरा कितवा वापरता?" ते जरा थबकले. म्हणाले, नऊ शून्य, केसाहून बारीक. शून्यं वाढतात तसा दोरा बारीक होतो. "आमच्यातही नंबर वाढला की दोरा बारीक," आई म्हणाली. त्यानंतर ते माझ्याकडे बघून बोलायचे थांबले.

पण श्रावणापर्यंत पोचायला मधलं वर्ष काढावं लागलं, आणि त्यात वैद्यकीय भाग सोपा होता. अवघड होती मावशी. "आता कुणाला दाखवायचंय?" असं तिनं आईच्या तोंडावर विचारलं. भाऊ नाशिकहून फोनवर हेच जरा सभ्य भाषेत बोलायचा : "जिवावरचं टळलं ना, मग उगाच रिस्क कशाला?" मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते, फक्त माझ्याकडे तक्ता होता. एका रात्री मी आईला सरळ विचारलं, "तुला का हवंय, ते सांग ना." ती अस्तर कापत होती. म्हणाली, "मावशीनं गुडघे बदलले पासष्टीला. तिला कुणी विचारलं का, आता कुठं पळायचंय म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. दात बसवतात, मोतीबिंदू काढतात, त्या वेळी कारण मागितलं जात नाही. विधवा बाईनं स्तन मागितला की सगळ्या घराला कारण हवं असतं.

नको म्हणणाऱ्या बायकाही मला भेटल्या, आणि त्यांचं नको पक्कं होतं. सांगलीच्या एक निवृत्त बँक अधिकारी सपाट राहिल्या आहेत आणि सुखी आहेत. त्यांची तक्रार वेगळीच : सर्जननं "पुढे विचार बदलला तर" म्हणून जास्तीची त्वचा ठेवून दिली, आणि काखेखाली तिची झोळ पडली आहे. "मी स्पष्ट सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "पण बाईचा नकार पेन्सिलीनं लिहितात." सपाट, नीटनेटकी शिवण ही स्वतंत्र शस्त्रक्रिया आहे, ती मागून घ्यावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं तिला आपल्या शब्दकोशात जागा दिली तीही २०२० मध्ये. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी स्तन काढल्यावर कृत्रिम उशी लावायला नकार दिला, तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स त्यांना म्हणाली, की तुम्ही अशा आलात तर इथल्या इतर बायकांचं मनोधैर्य खचतं. १९८०च्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये हा प्रसंग आहे.

पुण्यात इम्प्लांट करून घेतलेल्या एक बाई भेटल्या. एकंदरीत समाधानी. पण एक गोष्ट आपल्याला कुणी आधी सांगितली नाही, असं त्यांचं म्हणणं : तिथं काही जाणवत नाही. नसा कापल्या जातात. काही जणींना थोडी संवेदना परत येते, पुष्कळ जणींना येत नाही. पाठ दुखत होती म्हणून त्या गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपल्या, ती सरकून पुढं आली, आणि भाजल्याचं सकाळी आरशात कळलं. शिवाय थंडीत इम्प्लांट गार पडतं. "दिसायला माझं आहे," त्या म्हणाल्या, "पण घरी पाहुणा आल्यासारखं वाटतं." हे वाक्य मी आईला जसंच्या तसं सांगितलं. लपवायचा मोह झाला होता, नाही असं नाही. पण एकदा उत्तर दिलं होतं तिच्या वतीनं, तेवढं पुरे होतं.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण यात बायका हकनाक हरतात. अंदाजपत्रकावरचा आकडा दुकानाच्या दोन वर्षांच्या कमाईएवढा होता. विम्याच्या टेबलावरच्या मुलानं कागद न उघडताच "कॉस्मेटिक आहे, बसणार नाही" म्हणून सांगितलं. रात्री मी पॉलिसी उलगडली. विमा नियामकानं आरोग्य विम्यात काय वगळता येतं याची प्रमाण शब्दरचना ठरवून दिली आहे. तिच्यातलं आठवं कलम प्लास्टिक सर्जरी वगळतं खरं, पण त्याच वाक्यात अपवाद आहे : अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना. मी त्या ओळीवर पिवळी रेघ मारून कागद परत नेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी अर्ज घेतला. अमेरिकेत १९९८ पासून कायदाच आहे : स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्यानं पुनर्रचनेचा, दुसरी बाजू जुळवण्याचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च द्यायचा. आपल्याकडे एका कलमातला अपवाद शोधावा लागतो.

आता मोहरीची गोष्ट. ती मला या सगळ्यात प्रथमच कळली.

१९९८च्या सुमारास एक शिक्षिका दुकान बंद व्हायच्या वेळी आल्या होत्या. शटर अर्धं ओढायला लावलं आणि पदर बाजूला केला. उजवी बाजू सपाट. शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की ब्लाउज चढतो, पोरं बघतात. आईनं ब्लाउजाच्या आत कप्पा शिवला आणि त्यात कापसाची गादी भरली. महिन्याभरानं बाई परत : गादी हलकी आहे, वर वर सरकते, आणि खांदाही एका बाजूला झुकायला लागलाय. वजन पाहिजे होतं. मग मलमलीच्या पिशवीत मोहरी. वजन बरोबर, लोळणही बरोबर. पावसाळ्यात मुंग्या लागल्या. त्यावर आईनं मोहरी भाजून, कापूर घालून, दर पंधरा दिवसांनी पिशवी बदलून द्यायची पद्धत काढली. पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षांत अशा आणखी सहा जणी आल्या. वहीत त्यांच्या पानावर तीच खूण, बाकी काही नाही.

बार्बी बाहुली काढणाऱ्या रूथ हँडलर यांचा एक स्तन १९७० मध्ये काढला गेला. दुकानांत मिळणाऱ्या उशा त्यांना पसंत पडल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच कृत्रिम स्तन बनवायचा धंदा काढला, डाव्या-उजव्या बाजूंचे वेगवेगळे. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "बाई टेलरच होती म्हण की."

ऑपरेशननंतर आईनं स्वतःसाठी तोच कप्पा शिवला. आत यावेळी पुण्याहून आणलेला सिलिकॉनचा आकार. वापरून बघितला. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकलं की तो पुढे लोंबतो, उन्हाळ्यात खाली घाम साचतो. आठ महिने वापरून तिनं निकाल दिला, "बाहेर जायला ठीक. कामाला नाही."

दर रविवारी सकाळी ती दोन्ही दंडांचं माप घेऊन वहीत लिहिते. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, आणि दोन हातांच्या घेरात दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर डॉक्टरांना दाखवा, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय. कोपरापासून किती अंतरावर टेप लावायचा, हे त्या मुलीला आईनंच दाखवलं. त्याच वहीत साखरेचे आकडेही आहेत. तीन महिन्यांची सरासरी ८.१ होती, वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही म्हणून सर्जननी सात म्हटलं होतं. आषाढात ६.८ आली. आंबा दोन वर्षं बंद आहे.

पोटाच्या ऑपरेशनला एक अडचण होती, तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. स्कॅनमध्ये पोटातल्या वाहिन्यांचा नकाशा निघाला. टाका बाजूला होता, उजवीकडच्या दोन वाहिन्या चांगल्या जाड होत्या. शेवटच्या भेटीत सर्जननी हे दाखवलं आणि म्हणाले, डावा बनवताना उजवा थोडा उचलून लहान करू, म्हणजे दोन्ही सारखे दिसतील. असं बऱ्याचदा करतो.

आईनं पिशवीतून वही काढली. स्तन काढायच्या आदल्या रात्री, मी झोपले असताना, तिनं स्वतःचं माप घेऊन ठेवलं होतं. गिऱ्हाइकांच्या रांगेतच एक पान, नाव न लिहिलेलं. खांद्यापासून टोकापर्यंत डावं, उजवं. मधलं अंतर. खालचा घेर. कोपऱ्यात खूण : 'डा. पाव इंच खाली'.

"उजव्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "ते बासष्टचं आहे. डावंही तसंच पाहिजे, उतरलेलं. तिशीतलं शिवून देऊ नका."

सर्जननी मोबाइल काढला आणि परवानगी विचारून त्या पानाचा फोटो घेतला. मग सांगायला लागले, की सहा आठवडे वजन उचलायचं नाही, पायमशीन नाही, इस्त्री तर नाहीच. तारीख दिवाळीनंतरची देऊ का?

"तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई," आई म्हणाली. "चाळीस ब्लाउज आत्ताच घेऊन ठेवलेत. पौषात द्या. पौषात लग्नं नसतात."